पहिली नोकरी, अनुभव शून्य: सारखे सारखे येणारे प्रश्न

रिझ्युमे बघून द्या म्हणून जे मेसेज येतात त्यात प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मॅनपॉवर कन्सल्टन्सीत राहून फ्रेशर भरायचं काम केलंय, जास्त करून पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येणार. हे बारावी, आयटीआय, डिप्लोमा, बीए-बीकॉम-बीएस्सीवाल्यांसाठी आहे. आयटीतल्या कोडिंगवाल्या पॅकेजचं गणित वेगळं, ते इथे शोधू नका.

१. फ्रेशर नक्की कोणाला म्हणतात? पास होऊन दोन वर्षं झाली, घरीच आहे, मला अजून फ्रेशर धरतील का?

पगारी फुल टाइम नोकरी केलेली नसेल तर तुम्ही फ्रेशरच, मग दोन वर्षं झालेली असोत नाहीतर तीन. फक्त काही मोठ्या कंपन्या जाहिरातीतच पासआऊटचं साल टाकतात, तिथे साल बसत नसेल तर अर्ज करून उपयोग नसतो, सिस्टीमच बाहेर काढते. बाकी ठिकाणी साल कोणी एवढं बघत नाही, मधल्या काळात काय केलं ते विचारतात. त्याचं उत्तर प्र. ९ मध्ये.

२. सगळीकडे १-२ वर्षांचा अनुभव मागतात. अनुभवच नाही तर मिळणार कुठून? अशा ठिकाणी अप्लाय करायचं की सोडून द्यायचं?

०-१ आणि १-२ लिहिलेलं असेल तर बिनधास्त करा. ३-५ लिहिलं असेल तर सोडा. बऱ्याच जाहिराती एचआरने मागच्या वर्षीच्या फाइलमधून उचलून तशाच चिकटवलेल्या असतात, आणि माणूस मिळेना झाला की हेच लोक आम्हाला फोन करून म्हणायचे, फ्रेशर असला तरी पाठवा, पण टिकणारा पाठवा.

टिकणारा, ह्या शब्दातच सगळं आलं. भरती करणाऱ्याचं खरं दुखणं अनुभव हे नसतंच, पंधरा दिवस शिकवायचं आणि सोळाव्या दिवशी पोरगा फोन बंद करून गायब, हे असतं. त्यामुळे अनुभव नसलेल्या माणसाने एवढंच दाखवायचंय की मी वेळेवर येईन, सांगितलेलं नीट करीन आणि चार महिन्यांत पळून जाणार नाही. खाली रिझ्युमेपासून इंटरव्ह्यूपर्यंत जे काही लिहिलंय ते हेच दाखवण्यासाठी आहे.

अपवाद आहेत. लायसन्स किंवा नोंदणी लागणारी कामं, म्हणजे फार्मासिस्टला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी, वायरमनला परवाना, हेवी गाडीला हेवीचं लायसन्स, तिथे टिकाऊपणा वगैरे काही चालत नाही, कागद लागतो.

३. रिझ्युमेत लिहायला काहीच नाहीये. शिक्षण लिहिलं की अर्ध्या पानात संपतं. काय लिहू?

अर्धं पान चालेल. पण भरीचं लिहू नका, "हार्डवर्किंग, ऑनेस्ट, क्विक लर्नर" हे सगळ्यांच्या रिझ्युमेत असतं आणि कोणी वाचत नाही. त्याऐवजी केलेल्या कामाची एकेक ओळ, आकडा असेल तर आकड्यासकट. "लीडरशिप क्वालिटी" ऐवजी "गणपती मंडळाचा दोन वर्षं खजिनदार, वर्गणीच्या पावत्या आणि खर्च एक्सेलमध्ये ठेवला". "टीमवर्क" ऐवजी "एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पमध्ये ६० जणांच्या जेवणाची खरेदी बघितली". कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर त्यात *तुम्ही* काय केलं तेवढंच लिहा, ग्रुपने काय केलं ते नको.

जात, धर्म, उंची, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय का, हे सगळं काढा, स्थळाला पाठवायचा कागद वेगळा असतो. खालची "वरील माहिती सत्य आहे" वाली ओळ पण नको. एक पान, पीडीएफ, फाइलला तुमचं नाव आणि ट्रेड किंवा डिग्री. "न्यू डॉक्युमेंट फायनल २" अशा नावाच्या फाइली रोज ढिगाने येतात, नंतर शोधायच्या म्हटलं तर कुठली कोणाची कळत नाही. ईमेल आयडी साधा काढा, राजे-किंग-रॉयल नको. आणि अनोळखी नंबर उचला!! निम्मी पोरं इथेच कटतात, फोन लावला तर उचलत नाहीत, आणि लिस्टमधल्या पुढच्या पोराला फोन जातो.

४. वडिलांच्या दुकानात बसतो, सुट्टीत शेती केली, काही महिने डिलिव्हरी केली. हे लिहायचं का, की लाज वाटण्यासारखं आहे?

लिहायचंच. लाज कसली, प्र. २ मध्ये जे म्हटलं त्याचा यापेक्षा चांगला पुरावा दुसरा नाही. फक्त कामाच्या भाषेत लिहा. दुकान असेल तर रोजचा गल्ला जुळवणं, उधारीची वही, होलसेलरची ऑर्डर, एक्स्पायरी बघून माल लावणं. डिलिव्हरी असेल तर रोजची पार्सल किती, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे भरणं. वेअरहाउस, रिटेल, डिस्पॅच अशा जागांना हे थेट लागू पडतं.

बीएस्सी केमिस्ट्रीच्या एका मुलीचा रिझ्युमे आला होता, अनुभवाच्या जागी "निल". बोलता बोलता कळलं की गावातल्या डेअरीवर रोज सकाळी दूध संकलनाला बसते, सॅम्पल घेऊन मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढते, नोंद करते, रीडिंगवरून शेतकऱ्यांशी वाद झाला तर परत टेस्ट करून दाखवते. अहो हे फूड कंपनीच्या क्वालिटी विभागातलंच काम आहे की! ते तीन ओळींत लिहायला लावलं.

न केलेलं मात्र लिहू नका. दोन प्रश्नांत उघडं पडतं.

५. ॲपवर शंभर ठिकाणी अप्लाय केलं, एक फोन नाही. मग नोकऱ्या शोधायच्या कुठे?

ॲप सोडू नका पण फक्त ॲपवर बसू पण नका. नोकरी, अपना, इनडीड, लिंक्डइन यांवर जाहिरात पडल्या-पडल्या अर्ज गेला तर बघितला जायची शक्यता जास्त, आठवड्याने गेलेला ढिगाच्या तळाला. प्रोफाइल दोन-चार दिवसांनी उघडून काहीतरी बदला, कारण रिक्रुटर अलीकडे ॲक्टिव्ह असलेल्यांचा फिल्टर लावून शोधतात. आणि शंभर ठिकाणी एकच रिझ्युमे टाकण्यापेक्षा वीस ठिकाणी जाहिरात वाचून टाकलेला बरा.

सरकारी बाजूला राज्याचं रोजगार महास्वयम पोर्टल आहे, प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, जुने लोक एम्प्लॉयमेंट एक्सचेंज म्हणतात तेच. त्यांचे रोजगार मेळावे होतात, तिथे फाइल घेऊन जा, फुकट असतं. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पण फुकट.

सगळ्यात दुर्लक्षित रस्ता म्हणजे तुमचे आयटीआयचे निदेशक किंवा कॉलेजचे प्लेसमेंटवाले सर. कंपन्या त्यांना वर्षभर फोन करतात, "सर दोन पोरं द्या". पासआऊट झाल्यावर पण त्यांना मेसेज टाकून ठेवा, पेढे द्यायला गेल्यानंतर कोणी परत तोंड दाखवत नाही म्हणून ते नावं विसरतात.

दुसरं, छोट्या जागा. सीएचं ऑफिस, भोसरीतलं जॉबवर्कचं दहा मशीनचं शॉप, गाड्यांचं शोरूम, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था. हे लोक ॲपवर जाहिरात देत नाहीत, ओळखीतून किंवा दारावर आलेल्यातून माणूस घेतात. पगार कमी असतो हे खरं, पण तिथे एकच माणूस चार कामं करतो त्यामुळे वर्षभरात जे शिकायला मिळतं ते मोठ्या कंपनीत एका लाइनवर उभं राहून मिळत नाही. मला विचाराल तर कॉमर्सच्या पोरांनी पहिलं वर्ष सीएच्या ऑफिसातच काढावं.

६. अप्रेंटिसशिप म्हणजे कमी पैशात राबवून घेणं ना? करावी का?

काही ठिकाणी राबवून घेतात, खोटं कशाला बोलू. पण अनुभव नसलेल्यासाठी कंपनीच्या गेटच्या आत जायचा हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणजे जागा असतात. आयटीआयवाल्यांनी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांनी नॅट्स (त्यांच्यासाठीची केंद्राची अप्रेंटिसशिप योजना) पोर्टलवर नोंदणी करायची. किमान स्टायपेंड २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार ५ ते ९ हजार ठरवला होता, बऱ्याच कंपन्या त्याहून जास्त देतात, काही ठिकाणी कँटीन-बस पण असते.

आता बारीक अक्षरातलं. अप्रेंटिस हा कर्मचारी नसतो, त्यामुळे पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापलं जात नाही आणि संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. म्हणून जॉइन होण्याआधी तिथे सध्या असलेल्या पोरांना विचारा की मागच्या बॅचमधले किती जण ठेवले. आणि करार पोर्टलवर नोंदला गेलाय का ते बघा, नुसतं तोंडी "ट्रेनी" म्हणून उभं केलं आणि कागद काहीच नाही तर ती अप्रेंटिसशिप नव्हे. आयटीआयवाल्यांनी शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र घ्याच, महावितरण, एसटी, रेल्वे यांच्या भरतीत त्याचं वजन असतं, रेल्वेत अप्रेंटिसशिप केलेल्यांना लेव्हल-१ च्या (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत वीस टक्के जागा राखीव आहेत.

७. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून केलेलं काम अनुभव धरतात का? पर्मनंट करतात का?

पर्मनंटचं आधी सांगतो, नाही. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवून अकरा केली. वय १८ ते ३५, विद्यावेतन बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीला १० हजार, आधार लिंक असलेल्या खात्यात जमा. शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

अनुभव म्हणून खाजगी कंपनीत नक्की सांगता येतो, पण काय काम केलं यावर आहे. ग्रामपंचायतीत अकरा महिने नुसतं बसून काढले असतील तर प्रमाणपत्र दाखवून काही होत नाही, तेच ऑनलाइन दाखल्यांची एंट्री, रजिस्टर, टपाल असं काम केलं असेल तर ऑफिस असिस्टंट, बॅक ऑफिसला चालतं. रोज काय केलं ते वहीत लिहीत जा, नंतर रिझ्युमे करताना आठवत नाही. अर्ज महास्वयमवरूनच होतो, नवीन जागा सध्या चालू आहेत का ते तिथेच किंवा जिल्हा केंद्रात विचारा.

८. कोणता कोर्स केला की लगेच नोकरी लागेल? एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग, की तो "१००% जॉब गॅरंटी" वाला?

गॅरंटीवाला सोडून कुठलाही. तिथे फी हजारोंची आणि गॅरंटी म्हणजे दोन इंटरव्ह्यूला पाठवणं.

एमएस-सीआयटी सरकारी भरतीसाठी लागते, खाजगीत तेवढ्याने कोणी घेत नाही, तिथे एक्सेल खरंच यायला हवं, फिल्टर, व्हीलुकअप, पिव्होट एवढं आलं तरी बॅक ऑफिसच्या रांगेत तुम्ही पुढे. टायपिंगची मिनिटाला ३०-४० शब्दांची सर्टिफिकेट लिपिक भरतीला. कॉमर्स असेल तर टॅली आणि जीएसटीची बेसिक माहिती, मेकॅनिकल असेल तर ड्रॉइंग वाचता येणं आणि मेजरिंग इन्स्ट्रुमेंट. एकावेळी एकच करा, चार सर्टिफिकेटं आणि हात कशालाच नाही अशी फाइल दोन मिनिटांत ओळखू येते.

९. तीन वर्षं एमपीएससी / पोलीस भरती केली, झालं नाही. आता गॅप काय सांगू?

खरं सांगा. महाराष्ट्रात रिक्रुटरला एमपीएससी काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या घरात पण एखादा असतोच. "आजारी होतो", "बिझनेस केला" असलं काही रचू नका. भीती त्यांना वेगळीच असते, जाहिरात निघाली की हा परत पुण्यातल्या पेठेतल्या अभ्यासिकेत जाऊन बसेल. तेवढ्याचं उत्तर द्या: तयारी थांबवलीय, का थांबवलीय, आता हे काम का. अजून फॉर्म भरणार असाल तर मात्र "थांबवलीय" म्हणू नका, नोकरी सांभाळून देणार एवढंच सांगा.

मैदानी तयारी केलेल्यांनी सिक्युरिटी, वेअरहाउस, डिस्पॅच, फील्डची कामं बघा, तिथे फिटनेस उपयोगी. काही कंपन्या गॅपसाठी प्रतिज्ञापत्र मागतात, वकील किंवा नोटरीकडे होतं, घाबरण्यासारखं काही नाही.

१०. इंग्रजी बोलता येत नाही. इंटरव्ह्यूत गप्पच होतो.

शॉप फ्लोअर, अकाउंट्स, स्टोअर, लॅब इथे इंग्रजी वाचता आणि थोडं लिहिता आलं की पुरतं, इंटरव्ह्यू पण निम्मा मराठी-हिंदीत होतो. "सर हिंदीत सांगू का?" असं सरळ विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. मराठी-हिंदी कस्टमर सपोर्टचे कॉल सेंटर पण आहेत, तिथे तर स्वच्छ मराठी हीच पात्रता. इंटरनॅशनल व्हॉइस प्रोसेसला मात्र इंग्रजी हेच काम आहे, तिथे उगाच जाऊन खच्ची होऊन येऊ नका. पाठ केलेला "माय सेल्फ..." वाला निबंध नको, मध्येच एक शब्द विसरला की सगळंच अडतं.

११. फ्रेशरला इंटरव्ह्यूत काय विचारतात?

तीन गोष्टी ठरलेल्या: स्वतःबद्दल सांगा, राहता कुठे आणि येणार कसे, शिफ्ट चालेल का. दुसरा प्रश्न गप्पा म्हणून नसतो. चाकणच्या फर्स्ट शिफ्टला हडपसरहून रोज येतो म्हणणारा टिकत नाही हे त्यांना माहीत असतं, तेव्हा "मित्राच्या रूमवर भोसरीत राहणार आहे" असं ठरवूनच जा.

मग कामाचं. आयटीआयच्या पोराला बऱ्याचदा एवढंच होतं, सुपरवायझर ड्रॉवरमधून व्हर्निअर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) काढतो, टेबलावरची पिन पुढे सरकवतो आणि म्हणतो, डाया (व्यास) सांग. एक पोरगा घाईघाईत जबडे लावून आकडा सांगून टाकतो. दुसरा आधी जबडे पुसतो, बंद करून झिरो एरर बघतो, लीस्ट काउंट (सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी आहे का ते वाचतो, मग पिन धरतो. आकडा दोघांचाही तोच आला तरी घेतात दुसऱ्याला, आणि पहिल्याला शेवटपर्यंत कळत नाही की चुकलं कुठे. अकाउंट्सला तसंच, टॅलीत एक परचेस एंट्री मारायला देतात आणि बिल मुद्दाम गुजरातच्या पार्टीचं असतं, सीजीएसटी-एसजीएसटी मारलं की गेलात, ते राज्यातल्या राज्यात, परराज्यातल्या बिलाला आयजीएसटी लागतो.

येत नसेल तर "येत नाही, शिकीन" म्हणा. पगाराची अपेक्षा विचारली तर आकडा द्या, "जे द्याल ते" म्हणू नका, आकड्याआधी प्र. १३ वाचा.

१२. लास्ट इयरचा एक विषय राहिलाय / रिझल्ट लागायचा आहे. अप्लाय करू का?

रिझल्ट लागायचा असेल तर करा, "रिझल्ट अवेटेड" लिहा. विषय राहिला असेल तर पदवी पूर्ण असं लिहू नका, व्हेरिफिकेशनमध्ये गेलेली नोकरी परत मिळत नाही. बारावीच्या बेसवर घेणाऱ्या जागा बघा आणि विषय काढा.

१३. २.४ लाखाचं पॅकेज म्हणजे महिना २० हजार हातात ना?

नाही, सगळ्यात जास्त भांडणं इथेच. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर पडणारा एकूण खर्च. समजा सीटीसी महिना २० हजार आणि बेसिक (मूळ पगार) १० हजार. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२०० आणि ग्रॅच्युइटी साधारण ४८० धरलेली असते, वर ईएसआयचा कंपनीचा ३.२५ टक्के, म्हणजे ग्रॉस (तुमची कपात व्हायच्या आधीचा पगार) राहतो साधारण १७,७४०. त्यातून तुमचा पीएफ १,२००, ईएसआय ०.७५ टक्क्याने १३३ आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात १६,२०० च्या आसपास. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, आणि महिलांना महिना २५ हजारापर्यंत तो लागतच नाही, कापत असतील तर एचआरला विचारा.

ईएसआय कापतात म्हणून चिडू नका. २१ हजारापर्यंत पगारवाल्यांना लागू असतं आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या उपचाराला पण चालतं, कार्ड काढून ठेवा. ऑफर घेताना एकच वाक्य बोला: "सर, इन-हँड किती?"

१४. कन्सल्टन्सी रजिस्ट्रेशनचे पैसे मागतेय. देऊ का?

नका देऊ. खरी कन्सल्टन्सी पैसे कंपनीकडून घेते. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉप डिपॉझिट, गेट पास, नाव काहीही असो, नोकरीच्या आधी पैसे मागितले की तिथून उठायचं. मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर, इंटरव्ह्यू न घेताच सिलेक्शन, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे पैसे, हे सगळे त्याच खानदानातले. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

१५. दोन वर्षांचा बॉन्ड आणि ओरिजिनल मार्कशीट मागतायत. सही करू?

ओरिजिनल दाखवायची, द्यायची नाही. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरवरून दाखवा. त्यावर अडून बसत असतील तर ती नोकरी नको.

बॉन्ड म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, त्याचं मात्र व्हॉट्सॲपवर फिरतं तसं "भारतात बॉन्डला किंमत नाही" असं धरून चालू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध धरली. म्हणजे वाचूनच सही: रक्कम किती, मुदत किती, खरंच काही ट्रेनिंग देणार का, आणि कंपनीने काढलं तर काय. आठ दिवसांच्या ओरिएंटेशनसाठी दोन लाखाचा बॉन्ड मागत असतील तर घरी नेऊन कोणाला तरी दाखवून मग ठरवा.

१६. कंपनी मोठी आहे पण पेरोल कॉन्ट्रॅक्टरचा. जाऊ का?

पहिल्या नोकरीला चालेल, पण डोळे उघडे ठेवून. सकाळी गेटवर आधारची झेरॉक्स घेऊन त्याच दिवशी लाइनवर उभं करतात, महिनाभराने कळतं की अपॉइंटमेंट लेटर नाही, स्लिप नाही. तीन गोष्टी पहिल्या आठवड्यात मागा: कॉन्ट्रॅक्टरच्या नावाचं लेटर, यूएएन नंबर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) आणि ईएसआय नंबर. यूएएन ॲक्टिव्हेट करून उमंग ॲपवर पासबुक बघत जा, पगारातून कापलेला पीएफ खरंच भरला जातोय का ते तिथेच कळतं. कापला आणि भरला नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार होते. रिझ्युमेत दोन्ही नावं लिहा, कोणाच्या पेरोलवर आणि कोणत्या प्लँटला. फक्त मोठ्या कंपनीचं नाव टाकलं तर व्हेरिफिकेशनमध्ये "आमच्याकडे असा कोणी नाही" असं उत्तर जातं.

१७. पहिली नोकरी तीन महिन्यांत सोडली. रिझ्युमेतून काढून टाकू का?

पीएफ कापला गेला असेल तर काढू नका, यूएएनच्या सर्व्हिस हिस्टरीत ती दिसते आणि फ्रेशर म्हणून घेणाऱ्या कंपनीला नंतर सापडली तर खोटं बोलला म्हणून जाते नोकरी. एका ओळीत लिहा आणि कारण तयार ठेवा. पगार थकवला, सांगितलं एक आणि काम दिलं दुसरं, रूम लांब होती, यातलं जे खरं असेल ते, जुन्या साहेबाला शिव्या न घालता. पीएफ नव्हता आणि काम दहा-पंधरा दिवसांचंच असेल तर नाही लिहिलं तरी चालतं.

१८. वर्षभर काम केलं पण मालक अनुभव पत्र देत नाही. मग ते वर्ष वाया का?

वाया नाही. पगार बँकेत जमा व्हायचा असेल तर स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, ऑफर लेटर, पीएफ पासबुक, ईएसआय कार्ड यातलं दोन-तीन मिळून बऱ्याच कंपन्या मान्य करतात. रोख पगार असेल तर अवघड आहे, तिथे कामावर असतानाच सोय करायची, दोन महिन्यांनी मालकाला खात्यावर द्यायला सांगा, कामाचे मेसेज-मेल जपा, वरिष्ठ कोणी चांगला असेल तर त्याचा नंबर रेफरन्स म्हणून विचारून ठेवा.

पत्र मागताना भांडत जाऊ नका, छोट्या मालकांना काय लिहायचं तेच माहीत नसतं म्हणून टाळतात. तुम्हीच चार ओळी टाइप करून न्या, नाव, पद, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, आणि म्हणा "साहेब, लेटरहेडवर काढून फक्त सही-शिक्का द्या". नोकरी सोडून गेल्यावर नाही, नोटीस चालू असतानाच मागा.